कारागृहाची भिंत आणि लोकसंख्येचा तक्ता: क्राउली काउंटीच्या निमित्ताने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेत असून तिने अभ्यासप्रकल्पासाठी क्राउली नावाची एक लहानशी ग्रामीण काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा एक विभाग, निवडली आहे. जनगणनेच्या तक्त्यांत तिला तेथे पुरुषांची संख्या स्त्रियांच्या दुपटीहून अधिक दिसते, दरडोई उत्पन्न फारच कमी दिसते, आणि ओसाड माळरानावरच्या या भागात मोठ्या शहरात शोभेल अशी वांशिक विविधता दिसते. हे आकडे चुकीचे आहेत का, आणि भारतातही असे घडते का, असे आपण विचारले आहे.

आकडे चुकीचे नाहीत. क्राउली काउंटीत दोन मोठी कारागृहे आहेत, एक राज्य शासनाचे आणि दुसरे खासगी कंपनी चालवते ते, आणि २०१० च्या जनगणनेतील ५,८२३ लोकांपैकी जवळपास ४५ टक्के लोक या दोन कुंपणांच्या आत होते. लोकसंख्याशास्त्राच्या कामात मला इतकी वर्षे झाली, तरी लहान भूभागाचा तक्ता हाती आला की मी सर्वप्रथम तेथे कारागृह, लष्करी तळ किंवा विद्यापीठाची वसतिगृहे आहेत का, हे पाहतो. या तिन्हींत कारागृह सर्वांत फसवे असते, कारण सैनिक आणि विद्यार्थी गावात येतात, खरेदी करतात, रस्ते वापरतात, क्वचित लग्न करून तेथेच स्थायिकही होतात. बंदी, म्हणजे कैदी, मात्र गावच्या आकड्यात असतो आणि गावात कधीच नसतो.

याचे मूळ एका जुन्या आणि तसे पाहता निरुपद्रवी नियमात आहे. अमेरिकेच्या १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून माणसाची नोंद त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी करायची, असे तत्त्व आहे, आणि आजच्या व्याख्येप्रमाणे नेहमीचे वास्तव्य म्हणजे माणूस बहुतांश काळ जेथे राहतो आणि झोपतो ते ठिकाण. १ एप्रिल या जनगणना दिनी जो कारागृहात आहे त्याची नोंद त्यामुळे कारागृहाच्या पत्त्यावर होते. त्याचे घर, बायकामुले आणि शिक्षा संपल्यावर परतण्याची जागा तीनशे मैलांवर असली तरीही. एकोणिसाव्या शतकात याने फारसे बिघडत नव्हते, कारण बंदी थोडे होते. १९७० च्या दशकानंतर अमेरिकेतील बंद्यांची संख्या झपाट्याने वाढत गेली आणि २०१० च्या जनगणनेत प्रौढांच्या कारागृहांत व कोठड्यांत मिळून २२ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. एवढी माणसे शहरांतील वस्त्यांतून उचलून ग्रामीण काउंट्यांच्या रकान्यांत टाकली, की तक्ते वाकणारच.

क्राउलीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातील ही काउंटी एकेकाळी कालव्याच्या पाण्यावर पिकत होती. तेथे साखरबीट होत असे आणि शुगर सिटी नावाचे गाव आजही आहे, फक्त साखर कारखाना उरलेला नाही. १९७० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी आपले पाण्याचे हक्क दूरच्या वाढत्या शहरांना विकले. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो, त्यामुळे पाणी गेले आणि कोरडी जमीन मागे राहिली. सुमारे पन्नास हजार एकरांचे ओलित आक्रसून काही हजार एकरांवर आले. त्यानंतर १९८७ मध्ये राज्याचे कारागृह आले आणि पुढे खासगी कारागृह आले. आता लोकसंख्येचे आकडे पाहावेत: १९७० मध्ये ३,०८६, १९८० मध्ये २,९८८, १९९० मध्ये ३,९४६, २००० मध्ये ५,५१८ आणि २०१० मध्ये ५,८२३. ज्याला मागची हकिगत ठाऊक नाही तो म्हणेल की १९८० नंतर या काउंटीने जवळपास दुप्पट वाढ साधली. प्रत्यक्षात २०१० च्या आकड्यातून बंदी वजा केले, तर साधारण ३,२०० लोक उरतात, म्हणजे १९७० च्या आसपासचीच संख्या. शेती बुडाली, पाणी गेले, आणि तक्ता भरभराट दाखवत राहिला.

स्त्री-पुरुष प्रमाण, वयोरचना आणि वंश या तीन गोष्टींवर होणारा परिणाम उघड आहे. बंद्यांत पुरुष बहुसंख्य असतात, वीस ते पन्नास या वयोगटात त्यांचा साठा असतो, आणि अमेरिकेतील शिक्षाव्यवस्थेचा इतिहास पाहता कृष्णवर्णीय व लॅटिनो लोकांचे प्रमाण त्यांच्यात मोठे असते. एखाद्या जवळपास पूर्णतः श्वेतवर्णीय ग्रामीण काउंटीत त्यामुळे जी विविधता दिसते ती अनेकदा पूर्णपणे तारेच्या कुंपणाआड असते. शाळेत, दुकानात किंवा चर्चमध्ये तिचा मागमूस नसतो. अशा तक्त्यावरून वांशिक सरमिसळीचे निर्देशांक काढणारे शोधनिबंध मी परीक्षणासाठी वाचले आहेत, आणि ते परत पाठवताना मला दर वेळी थोडे वाईट वाटले आहे, कारण गणित निर्दोष होते.

खरी गुंतागुंत गुणोत्तरांत आहे, आणि आपल्या मुलीने लक्ष द्यायचे ते येथे. प्रत्येक दराला अंश आणि छेद असतो. अंशात कोण आहे आणि छेदात कोण आहे, याचे उत्तर अमेरिकी आकडेवारीत तक्त्यागणिक बदलते. दरडोई उत्पन्नाच्या छेदात एकूण लोकसंख्या असते, म्हणजे बंदीही असतात. त्यांचे उत्पन्न नगण्य असल्याने भागाकार खाली येतो आणि काउंटी आहे त्याहून कितीतरी गरीब दिसते. कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नात मात्र फक्त घरांतील कुटुंबे धरतात. बंदी त्यात येतच नाहीत. दारिद्र्याचा दर काढताना संस्थांमध्ये राहणारे लोक अंशातून आणि छेदातून, दोन्हीकडून वगळले जातात. पंचवीस वर्षांवरील लोकांच्या शिक्षणाच्या तक्त्यात ते पुन्हा हजर असतात. एकाच काउंटीचे एकाच वर्षाचे चार तक्ते घेतले, तर दोघांत बंदी आहेत आणि दोघांत नाहीत. विद्यार्थी हे चारही आकडे एका ओळीत मांडतात आणि दरडोई उत्पन्न व दारिद्र्यदर एकमेकांशी जुळत का नाहीत, याची सामाजिक कारणे शोधत बसतात. काळाच्या ओघातही एक खाच आहे: अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या वार्षिक पाहणीत कारागृहे व वसतिगृहे यांसारखी सामूहिक निवासस्थाने २००६ पासून समाविष्ट झाली, म्हणून २००५ आणि २००६ ची तुलना कारागृह असलेल्या जागी करू नये.

याची उलट बाजू राष्ट्रीय पातळीवर दिसते आणि ती माझ्या मते अधिक गंभीर आहे. बेरोजगारीचा अधिकृत दर ज्या मासिक पाहणीतून निघतो, तिच्या कक्षेत संस्थांबाहेरील नागरी लोकसंख्याच येते. तरुण, कमी शिकलेले कृष्णवर्णीय पुरुष मोठ्या प्रमाणावर कारागृहात असल्याने ते या पाहणीतून नाहीसेच होतात, आणि त्यांच्या समाजगटाची रोजगारस्थिती कागदावर सुधारलेली दिसते. ब्रूस वेस्टर्न आणि बेकी पेटिट या समाजशास्त्रज्ञांनी बंद्यांना हिशेबात धरून हे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा सुधारणेचा बराच भाग विरून गेला. एकीकडे लहान काउंटीत बंदी नको तेथे मोजले जातात, दुसरीकडे देशाच्या रोजगाराच्या चित्रात हवे तेथे मोजले जात नाहीत.

आपली मुलगी आरोग्याचा अभ्यास करते, म्हणून टेनेसीतील ट्रूसडेल काउंटीचे उदाहरण देतो. २०१० मध्ये तेथे ७,८७० लोक होते, २०२० मध्ये ११,६१५. मधल्या काळात, २०१६ मध्ये, सुमारे अडीच हजार बंदी मावतील असे खासगी कारागृह सुरू झाले. मे २०२० च्या सुरुवातीला त्या एका कारागृहात तेराशेच्या आसपास लोकांना कोरोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले आणि ही चिमुकली काउंटी दरडोई रुग्णसंख्येत देशात सर्वांत वर गेली. येथे अंशात आणि छेदात दोन्हीकडे बंदी होते, म्हणजे भागाकार बरोबर होता. पण गावातल्या माणसाला वाटणारा धोका त्यातून मोजता येत नव्हता. याउलट, तो कारागृहातला प्रश्न आहे, गावाचा नव्हे, असे म्हणणेही तितकेच चूक होते, कारण पहारेकरी आणि स्वयंपाकघरातले कर्मचारी पाळी संपली की घरी जातात. अशा ठिकाणी दोन दर वेगळे काढावेत, कारागृहाचा आणि उर्वरित काउंटीचा, आणि कर्मचाऱ्यांची नोंद कोणत्या बाजूला केली हे स्पष्ट लिहावे.

भविष्यातील लोकसंख्येचे अंदाज करताना होणारी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ग्रामीण काउंटीसाठी मी पंचवीस वर्षांचा अंदाज तयार केला होता. पद्धत नेहमीचीच: प्रत्येक वयोगटाला पाच-पाच वर्षांनी पुढे सरकवायचे, मृत्यू वजा करायचे, जन्म मिळवायचे, स्थलांतराचा हिशेब लावायचा. निकालात सत्तरीच्या घरातल्या पुरुषांचा असा काही फुगवटा आला की मी वृद्धांच्या शुश्रूषेसाठी खाटा वाढवण्याची शिफारस लिहून मोकळा झालो. त्या काउंटीच्या कचेरीतील एका कारकूनबाईंनी अहवाल वाचून फोन केला आणि शांतपणे विचारले, "हे सगळे म्हातारे कोण?" ते कारागृहातील चाळिशीचे पुरुष होते. मी त्यांना कागदावर तेथेच म्हातारे केले होते. प्रत्यक्षात बंदी सुटून जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. कारागृहातील माणसे बदलतात, पण कारागृहाची वयोरचना जवळपास तशीच राहते. म्हणून जाणकार आधी ही लोकसंख्या वजा करतात, उरलेल्यांचा अंदाज काढतात आणि शेवटी कारागृहाचा आकडा, त्याची क्षमता वाढणार की घटणार हे संबंधित खात्याला विचारून, पुन्हा मिळवतात. अमेरिकी जनगणना विभागही वार्षिक अंदाजांत सामूहिक निवासांतील लोकसंख्या वेगळी चालवतो.

कारागृह बंद पडते तेव्हा हाच खेळ उलटा चालतो. कॅलिफोर्नियातील सुझनव्हिल या शहरात २०२० मध्ये १६,७२८ लोक मोजले गेले, त्यांत बंद्यांचा वाटा फार मोठा होता. तेथील दोन राज्य कारागृहांपैकी एक २०२३ मध्ये बंद झाले. पुढच्या जनगणनेत या शहराची जी घट दिसेल, तिच्यातील बराचसा भाग एकाही घराला कुलूप न लागता झालेला असेल. अर्थात कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्याने काही घरांना कुलपेही लागतील, आणि म्हणूनच दोन्ही घटी वेगळ्या मोजायला हव्यात.

या विषयाची सार्वजनिक चर्चा मात्र मुख्यतः मतदारसंघांवरून झाली आहे. मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. सोडली, तर गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला अमेरिकेत मत देता येत नाही. मतदारसंघ मात्र एकूण लोकसंख्येवर आखले जातात. याचे टोकाचे उदाहरण आयोवा राज्यातील अॅनामोसा या छोट्या शहराचे आहे. तेथील एका प्रभागातील साधारण चौदाशे लोकांपैकी तेराशेहून अधिक बंदी होते, आणि २००५ च्या निवडणुकीत तेथील नगरसेवक अवघ्या दोन मतांवर निवडून आला. तीही मतपत्रिकेवर नाव हाताने लिहून दिलेली होती. पुढे शहराने प्रभाग पद्धतच सोडून दिली. मेरिलँडच्या सॉमरसेट काउंटीतील प्रकार त्याहून खंतावणारा आहे. तेथे मतदानहक्काच्या दाव्यातून कृष्णवर्णीय मतदारांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून १९८० च्या दशकात एक विभाग आखला गेला, आणि नंतर त्याच विभागात मोठे कारागृह आल्याने कागदावरील कृष्णवर्णीय बहुमत मतदान करू न शकणाऱ्या बंद्यांचे ठरले. न्यूयॉर्कमध्ये २००० च्या जनगणनेनंतर आखलेले राज्य सिनेटचे सात मतदारसंघ बंदी वगळल्यास किमान लोकसंख्येच्या अटीत बसत नव्हते. २०१० मध्ये मेरिलँड आणि न्यूयॉर्क यांनी कायदे करून मतदारसंघ आखण्यापुरते बंद्यांना त्यांच्या मूळ पत्त्यावर मोजायला सुरुवात केली, मेरिलँडचा कायदा सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्ये टिकला, आणि त्यानंतर इतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. जनगणना विभागाने मात्र २०२० साठी आपला जुना नियम कायम ठेवला. न्यायालयांचेही याबाबत एकमत नाही: २०१६ मध्ये फ्लोरिडातील जेफरसन काउंटीची, बंद्यांना कारागृहाच्या जागी मोजून केलेली, आखणी घटनाबाह्य ठरली, तर त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधील क्रॅन्स्टन शहराची तशीच आखणी अपिलात टिकली.

कारागृहामुळे गावाला लोकसंख्येच्या हिशेबाने भरमसाट केंद्रीय निधी मिळतो, असे अनेकदा लिहिले जाते. यात बरीच अतिशयोक्ती आहे, कारण बहुतेक मोठ्या केंद्रीय योजनांचे सूत्र गावाच्या नुसत्या डोकेमोजणीवर चालत नाही. अॅरिझोनासारख्या राज्यात राज्याचा महसूल शहरांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो, तेथे मात्र याचा फायदा खरोखर होतो.

आता भारताविषयी. आपल्या जनगणनेत कारागृह हे वसतिगृह, आश्रम, अनाथालय यांच्याप्रमाणे संस्थात्मक कुटुंब मानले जाते, म्हणजे परस्परांशी नाते नसलेल्या पण एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्या लोकांचा समूह. परिणाम मात्र अमेरिकेच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. २०२२ च्या अखेरीस देशभरात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण बोलीत कच्चे कैदी म्हणतो ते होते. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण चाळीसच्या आसपास येते. अमेरिकेत २०१० मध्ये ते सातशेच्या वर होते. शिवाय आपली मोठी मध्यवर्ती कारागृहे मोठ्या शहरांत आहेत. येरवड्यात पाच हजारांहून अधिक बंदी असतात, पण २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती आणि २०१७ च्या निवडणुकीत ४१ प्रभाग होते. म्हणजे सरासरी प्रभाग ७६ हजारांचा, आणि पाच हजार हा त्याचा सहा-सात टक्के भाग. प्रभाग रचनेत कमीअधिक व्हायला जेवढी मुभा असते, तेवढ्यातच हे सामावून जाते. लहान तालुक्यातील गावालगत कारागृह असेल तर गावाच्या तक्त्यात ते ठळक दिसेल, एवढेच.

कायद्यातील विसंगती मात्र आपल्याकडेही आहे आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० प्रमाणे कारागृहात स्थानबद्ध असणे एवढ्याच कारणाने कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, म्हणून मतदारयादीत त्याचे नाव घरच्या पत्त्यावरच असते. आणि १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा अपवाद सोडता, त्याला मतदान करता येत नाही. मतदारयादी त्याला घरी धरते आणि जनगणना कारागृहात. मतदारसंघांची आखणी जनगणनेवर होते, हे लक्षात घेता हा प्रश्न अगदीच पुस्तकी नाही.

आपल्या इतिहासात मात्र क्राउलीलाही मागे टाकणारे उदाहरण आहे, आणि सावरकर बंधूंमुळे त्या जागेचे नाव मराठी घराघरांत ठाऊक आहे. पोर्ट ब्लेअरची दंडवसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. १९०१ च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची लोकसंख्या २४,६४९ होती आणि तिच्यात जवळपास १२ हजार बंदी होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ३१८, त्या वेळी देशाचे प्रमाण ९७२ असताना. १९११ मध्ये हे प्रमाण ३५२ होते आणि १९२१ मध्ये ३०३ पर्यंत उतरले. दंडवसाहत गुंडाळण्याचे धोरण त्यानंतर आले, आणि १९३१ मध्ये आकडा ४९५, १९४१ मध्ये ५७४, १९५१ मध्ये ६२५ असा चढत गेला. २०११ मध्ये तो ८७६ होता. बेटांवरील स्त्री-पुरुष प्रमाणाची शंभर वर्षांची रेषा काढून ही स्त्रियांच्या स्थितीतील सुधारणा आहे असे जो सांगेल, त्याने सेल्युलर जेलचा इतिहास वाचलेला नाही.

मुलीला सांगावे की २०२० च्या मतदारसंघ-फेररचनेसाठी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीत पी ५ हा तक्ता आहे, त्यात प्रौढांच्या कारागृहांतील लोकसंख्या स्वतंत्र रकान्यात मिळते. तो रकाना काउंटीच्या पातळीवर वापरावा. अगदी लहान भूभागांच्या (ब्लॉकच्या) पातळीवर २०२० चे आकडे गोपनीयतेसाठी मुद्दाम थोडे हलवलेले आहेत, कारागृहे किती आहेत हा आकडा तेवढा जसाच्या तसा ठेवलेला आहे, त्यांतील बंद्यांचा नव्हे. म्हणून तेथे कोलोरॅडोच्या कारागृह खात्याचा त्या तारखेचा आकडा मागवून ताळा करावा. खासगी कारागृहातील बंदी त्या आकड्यात धरले आहेत की नाहीत, हेही त्यांना त्याच पत्रात विचारावे.